जाळीच्या आतली फुलं

"मग दाखव ना! चल, आत्ताच्या आत्ता गाडीत बस आणि दाखव मला तुझी फुलं!"

ग्रँटनं गाडीची किल्ली टेबलावर आपटली. त्याच्या आईनं, डल्सीनं, मान वर केली नाही. ती चहाबरोबर खायच्या स्कोनचं, त्या छोट्या गोडसर पावांचं, पीठ मळत होती. खरं तर स्कोनचं पीठ मळायचं नसतं, हलक्या हातानं नुसतं गोळा करायचं असतं, हे तिनंच मला शिकवलं होतं. आज मात्र ती ते पोळ्यांच्या कणकेसारखी रगडत होती.

"फुलं काय तुझ्या हुकमानं उमलतात?" ती म्हणाली. "यंदा थंडी लांबली."

"गेल्या वर्षी पाऊस लांबला होता. त्याच्या आधी काकाकुव्यांनी कंद उकरून खाल्ले होते. दर वर्षी तुझ्या फुलांना काही ना काही होतंच, आई."

"खाल्लेच होते कंद. तुझ्या बापाला विचार."

बाप, म्हणजे मर्व्ह, खिडकीपाशी दुखरा गुडघा दुसऱ्या खुर्चीवर टाकून वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्यानं पान उलटलं. "मला नका विचारू. चार वर्षांत त्या कुरणाबद्दल मला कुणी काही विचारलेलं नाही. आता कशाला सुरुवात करताय?"

मी हॉलमधल्या कपबश्यांचं खोकं धरून दारात उभी होते. आमची जमीन त्यांच्या कुंपणाला लागून आहे, आणि आमच्याकडे उन्हाळा लागतो तेव्हा, डिसेंबरात, येणाऱ्या फुलांच्या रविवारी गावाच्या हॉलमधले कप पोचवायचं काम लग्न होऊन मी इथं आले तेव्हापासून माझ्याकडे आहे. तो रविवार परवावर आला होता.

"नेल, बरं झालं आलीस," ग्रँटची बायको ट्रुडी म्हणाली. धाकट्याच्या तोंडात चमचा कोंबता कोंबताच तिनं मला पकडलं. "तू तरी सांग. तुला दिसली का कुठे फुलं?"

"मी रस्त्यानं आले," मी म्हटलं. "कुरणातून नाही आले."

"हुशार आहेस," मर्व्ह वर्तमानपत्रामागून म्हणाला.

ग्रँट जरा नरमला. तो वाईट मुलगा नाही. लोकरीला भाव राहिलेला नाही, घरात दोन पोरं, आणि आमच्या सगळ्या मिडलँड्स भागात ज्यानं त्यानं निम्मं शेत पॉपीखाली, म्हणजे औषधासाठीच्या अफूखाली, घातलंय. औषधाच्या कंपनीचा माणूस येतो, माती बघतो, करार करतो. "हे बघ आई, कुरण तुझ्याकडे ठेवून घेताना तूच काय म्हणाली होतीस? ज्या वर्षी फुलं येणार नाहीत त्या वर्षी खुशाल नांगर घाल. तुझे शब्द आहेत. सोमवारी कंपनीचा माणूस मातीचे नमुने न्यायला येतोय. तुला फुलंच हवीत ना? मग पॉपी काय वाईट? पांढरीशुभ्र, डोंगरापासून रस्त्यापर्यंत. शिवाय सरकारी बंदोबस्तात."

ट्रुडी फिसकन हसली. डल्सी हसली नाही. तिनं पिठाचा गोळा उचलून कुत्र्यांच्या बादलीत टाकला आणि डब्यातून नवीन पीठ काढलं.

"रविवारी बघ," ती म्हणाली. "रविवारी सगळ्या गावाबरोबर बघ."

*

डल्सी ही लग्नाआधी या घरची कुणी नव्हती. एकोणीस वर्षांची असताना लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीबरोबर स्वयंपाकीण म्हणून ती इथं आली. कातरणीच्या शेडमध्ये सकाळचा चहा न्यायची आणि परतताना वरच्या कुरणातून मुद्दाम वळसा घालायची. त्या कुरणात दगड फार, म्हणून तिथं नांगर कधी लागला नाही, आणि मर्व्हचा बाप खताच्या बाबतीत इतका चिकट की त्यानं तिथं कधी मूठभर खतही टाकलं नाही. म्हणून तिथं फुलं उरली होती. निळ्या घंटा, वाऱ्यावर कागदासारखी सळसळणारी पिवळी फुलं, चॉकलेटचा वास येणारी जांभळी लिली, आणि ऊन तापल्याशिवाय डोळे न उघडणारी ऑर्किडं. स्वयंपाकीण चहाला इतका वेळ का लावते ते बघायला म्हाताऱ्यानं मर्व्हला पाठवलं. मर्व्ह अजून सांगतो, "मी चहाच्या किटल्या परत आणायला गेलो होतो. किटल्या मिळाल्या, बाकीचं मी मागितलं नव्हतं."

घरापुढे बाग करायचा डल्सीनं खूप प्रयत्न केला. गुलाब रात्री झाडांवरून उतरणाऱ्या पॉसमनी खाल्ले, जे उरले ते हिवाळ्यातल्या हिमानं नेले, आणि पाणी तर आमच्याकडे माणसांनाच मोजून मिळतं. मग तिनं बागेचा नाद सोडला आणि वरचं कुरण हीच तिची बाग झाली. एका दुष्काळात चर्चमधल्या फुलांच्या उपासनेला कुणाच्याच घरी फुलं नव्हती. तेव्हा ही उठून म्हणाली, फुलं चर्चमध्ये येत नसतील तर चर्च फुलांकडे जाईल. फुलांचा रविवार तिथून सुरू झाला. चर्च पुढे बंद पडलं, रविवार चालू राहिला. लोक फाटकापाशी गाड्या लावतात, टेकडीपर्यंत चालत जातात, एकही फूल तोडत नाहीत, आणि खाली येऊन डल्सीचे स्कोन खातात.

जाळी आली ती चार वर्षांपूर्वी. अशाच एका रविवारी कुणाच्या तरी पाहुण्या आलेल्या एक बाई गुडघ्यांवर बसून खूप वेळ फुलं बघत राहिल्या आणि उठताना डल्सीचा हात धरून म्हणाल्या, "अशी कुरणं आता राहिली नाहीत हो. हे जपा." त्या गेल्या, पण तो शब्द डल्सीच्या डोक्यात बसला. जपायचं म्हणजे काय, तर मेंढ्यांपासून जपायचं. दुसरं काय असणार? आम्ही जन्मभर कोबी मेंढ्यांपासून जपले, ओट जपले, वाळत घातलेले कपडेसुद्धा जपले. तिनं आईकडून आलेला पियानो विकला आणि कुरणाला भोवताली उंच जाळी मारून घेतली. मेंढ्या तर सोडाच, कांगारूसारखी उड्या मारणारी वॉलबीसुद्धा आत शिरू नये अशी.

मर्व्हचे खच्ची मेंढे पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळा संपता संपता त्या कुरणात जात आणि थंडी सरल्यावर बाहेर निघत. का, ते त्याला सांगता आलं नाही. "बापाचे जायचे," एवढंच तो म्हणाला. "वारा लागत नाही तिथं."

"तुझ्या बापाचे मेंढे फुलं खात होते."

"आणि तरी तुला फुलं दिसली, चहाच्या किटल्या घेऊन!"

त्या भांडणानंतर दोघं बोलायची, पण बटाटे, डॉक्टर आणि हवामान एवढ्यावरच. ग्रँटनं त्या वेळी नदीकाठचा पट्टा मागितला होता, पण तिथं डल्सीची म्हातारी घोडी, बिस्किट, चरायची. सासऱ्यानं मरताना तो तुकडा सुनेच्या घोडीसाठी ठेवलेला. डल्सीनं तोही दिला नाही. पॉपीसाठी मग वरचंच कुरण उरलं, आणि ते वाचवायच्या भरात ती म्हणून गेली ते वाक्य ग्रँटनं नीट जपून ठेवलं.

*

शनिवारी दुपारी तिचा फोन आला. "रिकाम्या बादल्या असतील तेवढ्या घेऊन ये. आणि विचारू नकोस."

ग्रँट आणि ट्रुडी पोरांना घेऊन शहरात गेली होती. मर्व्ह खालच्या वाड्यात मेंढ्यांच्या शेपट्यांकडची घाणेरडी लोकर कातरत होता. डल्सी फाटकापाशी गाडी चालू ठेवूनच बसली होती. मी बसते न बसते तोच तिनं गाडी सोडली.

फाटकापासून टेकडीकडे जाणारी पायवाट मी वर्षभरात पाहिली नव्हती. दोन्ही बाजूंना गवत मांडीएवढं वाढलं होतं; वर यंदाचं, खाली गेल्या वर्षीचं, त्याच्याखाली त्याच्या आधीचं, सगळं एकमेकांवर निजलेलं. वारा आला की ते लालसर हलायचं, आणि दुरून पाहणाऱ्याला छान दिसलं असतं. फुलं मी बोटांवर मोजली आणि मग मोजायचं थांबवलं.

"बोल ना," डल्सी म्हणाली. "बोलत का नाहीस?"

"तूच म्हणालीस विचारू नकोस."

"विचारू नकोस म्हटलं. गप्प बस नाही म्हटलं."

टेकडीपलीकडे, पार टोकाला, तिनं गाडी थांबवली. तिथं यंदाच्या हिवाळ्यात एक मोठा निलगिरी जाळीवर पडला होता. मेंढे आत घुसले. डल्सीनं असा काही दंगा केला की माझ्या नवऱ्याला आमच्या अंगणात ऐकू गेला. मर्व्हचा गुडघा तेव्हा फारच वाईट होता. झाड तोडून जाळी नीट करणं त्याला जमेना. म्हणून त्यानं मेंढ्यांपुढे आडवी विजेची तार ओढली, त्या कोपऱ्यातून पुढे जाऊ नयेत म्हणून, आणि वसंत येईपर्यंत ते तिथंच राहिले. डल्सी रागानं त्या बाजूला फिरकलीच नाही. याच आठवड्यात, फुलं शोधत शोधत ती टेकडीवर चढली आणि तिला वरून हा कोपरा दिसला.

मीही गाडीतून उतरून पाहिला. पडलेल्या झाडापासून तारेच्या उरलेल्या खुंटांपर्यंत सगळं निळं-पिवळं. ऑर्किडं उन्हात उघडी पडलेली. वारा थांबला की चॉकलेटचा वास येई.

"झाड पडल्यामुळे ऊन मिळालं असेल," डल्सी घाईघाईनं म्हणाली. "किंवा ओल जास्त असेल. काय असेल ते असो. फावडं घे."

"कशाला?"

"उपटायची, बादल्यांत घालायची आणि फाटकापाशी पायवाटेनं लावायची. लोक तिथूनच आत येतात. ग्रँटही तिथूनच येईल. टेकडीपर्यंत तो कशाला चढतोय?"

"डल्सी, ही मरतील गं."

"सोमवारपर्यंत जगली की पुरे. तो कंपनीचा माणूस एकदा परत गेला की गेला."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी!" ती ओरडली. "एकदा नांगर लागला की पुढचं वर्षच नाही, नेल! उलटलेल्या मातीत ही कधी येत नाहीत. कळतंय का तुला?"

मला कळत होतं. मी फावडं घेतलं, पण चालवेना. तिनंच पहिलं रोप खणलं. निळ्या घंटेचं मूळ खाली जातच राहिलं. ती ओढत गेली आणि शेवटी ते तुटलं. दुसरं, लिलीचं, कंदापासून निसटलं. तिसऱ्या वेळी तिनं फावडं टाकलं आणि दोन्ही हातांनी माती उकरायला बसली. उकरता उकरता थांबली. मुठीतलं काहीतरी तळहातावर घेऊन बघू लागली.

"लेंड्या," ती म्हणाली.

"मेंढे होतेच ना इथं."

ती वाकून चालू लागली. फुलांमधून, खाली बघत. जिथं तिथं वाळलेल्या, पांढऱ्या पडलेल्या लेंड्या. त्या खुंटांपाशी, जिथं मर्व्हची तार होती, तिथं लेंड्या संपल्या. आणि तिथंच फुलंही संपली. रेघ मारावी तशी. अलीकडे निळं-पिवळं, पलीकडे मांडीएवढं गवत. ती त्या रेघेवरून एका खुंटापासून दुसऱ्या खुंटापर्यंत गेली, परत आली, परत गेली. मला वाटलं हिला चक्कर येणार.

मग ती गुडघ्यावर बसली आणि पलीकडच्या गवतात खांद्यापर्यंत हात घातला. खालचं जुनं गवत गादीसारखं उचललं. आत अंधार होता. त्या अंधारात एक निळ्या घंटेचं रोप होतं. पांढरंफटक, बारीक, लांबच लांब ताणलेलं, कपाटात विसरलेल्या बटाट्याला फुटतात तशा कोंबाचं. कळी नव्हती. पण जिवंत होतं.

बराच वेळ तिनं ते गवत तसंच उचलून धरलं.

"यांच्यासाठी मी पियानो विकला," ती म्हणाली, आणि हसली. ते हसू मला आवडलं नाही.

"मर्व्हला ठाऊक असेल हे?"

"त्याला? नेल, तो माणूस पत्त्यांत एक डाव जिंकला तर आठवडाभर सांगत फिरतो. त्याला ठाऊक असतं आणि तो चार वर्षं गप्प बसला असता? त्याच्या बापालाही ठाऊक नव्हतं. मेंढ्यांनाही नव्हतं." ती उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. हातांची माती स्कर्टला पुसत राहिली. "आता मी काय करू सांग. गप्प बसले तर सोमवारी नांगराची बोलणी होणार. बोलले तर मर्व्हसमोर, त्या टेबलाशी, पोरासमोर, सुनेसमोर मला म्हणावं लागणार की मेंढे आत सोड. जन्मभर ऐकवेल तो मला. आणि जन्मभर म्हणजे फार वर्षं नाहीत हेसुद्धा ऐकवेल."

"ऐकवेल," मी म्हटलं. खोटं कशाला बोला?

"तू जरा वेगळं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

तुटलेली रोपं तिनं परत मातीत खोचली. पाणी नव्हतं. थर्मासमध्ये सकाळचा गार चहा उरला होता, तो तिनं मुळांशी ओतला. मग गाडीत बसली, उतरली, जाळीपाशी जाऊन तिला दोन्ही हातांनी हलवून पाहिली, किती घट्ट आहे ते बघितल्यासारखी, आणि परत येऊन बसली. बादल्या रिकाम्याच मागे खडखडत राहिल्या.

*

संध्याकाळी तिनं मला जेवायला थांबवून घेतलं. एकटीला घरात जायचं नव्हतं तिला, दुसरं काही नाही. ऊन अजून चांगलं वर होतं. मटण भाजून झालं होतं, पुदिन्याची चटणी वाटून झाली होती. मर्व्ह आंघोळ करून, केस चापून बसला होता आणि सुरी परजत होता. डल्सी बसेना. भांडी इकडची तिकडे करत होती, मिठाची डबी तिनं उचलून कपाटात ठेवून दिली.

"लोक किती येतील उद्या?" ट्रुडीनं विचारलं.

"येतील तेवढे येतील."

"आणि बघतील काय? गवत?" ग्रँट म्हणाला. मग आईच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं आवाज खाली आणला. "आई, मला काही हौस नाही गं. पण सोमवारी तो माणूस येतोय, मला त्याला काहीतरी सांगावं लागेल."

डल्सीनं बटाट्यांचं भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हात टेकले.

"उद्या गाड्या फाटकापाशी लावायच्या नाहीत," ती म्हणाली. "टेकडीला वळसा घालून पडलेल्या निलगिरीपाशी न्यायच्या. चहा तिथंच होईल. फुलं तिथं आहेत. फाटकापाशी का नाहीत असं कुणी विचारलं तर मी सांगेन."

"काय सांगशील?" ग्रँटनं विचारलं.

"की मेंढे हिवाळाभर जिथं होते तिथंच फुलं आलीत. बाकी सगळी गवताखाली गुदमरली. जाळी मी घातली, चूक माझी. हे मी आज एकदा म्हटलं, उद्या लोकांपुढे एकदा म्हणेन, त्यानंतर नाही."

मर्व्हची सुरी मटणात अर्ध्यावर थांबली. त्यानं तोंड उघडलं.

"एक अक्षर नको," डल्सी म्हणाली.

"मी मीठ मागत होतो."

ट्रुडीनं मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. मी उठून कपाटातून मीठ आणून दिलं. मर्व्हनं ते घेतलं, पण घातलं नाही. डबी हातात धरून तो बायकोकडे बघत राहिला.

"म्हणजे माझे मेंढे..." तो हळूच म्हणाला.

"बी पडलं की जाळी निघेल आणि तुझे मेंढे आत जातील. थंडी सरली की बाहेर. पूर्वीसारखं."

"आणि बाकीच्या कुरणात फुलं परत आली नाहीत तर?" ग्रँट म्हणाला.

"तर नाही आली." हे बोलताना तिचा एक हात टेबलावरून सुटला, तिनं तो परत टेकवला. "ज्या वर्षी येणार नाहीत त्या वर्षी, असं मी म्हटलं होतं. यंदा आलीत. कोपऱ्यात का होईना, आलीत. उद्या स्वतः बघ."

"मग माझ्या पॉपीचं काय?"

"नदीकाठच्या पट्ट्यात पेर."

ट्रुडीनं मान वर केली.

"तिथं बिस्किट आहे," ग्रँट म्हणाला.

"बिस्किट मेंढ्यांबरोबर वर जाईल. तोवर घरामागे बांधू."

"तिथं निम्म्या जमिनीत पाणी भरतं, आई."

"मग निम्म्या जमिनीत पेर." डल्सीनं खुर्ची ओढली आणि संध्याकाळभरात पहिल्यांदा बसली. "सोमवारी त्या माणसाला नदीकडे ने. वरच्या कुरणात नांगर जाणार नाही, मेंढे जातील. ठरलं."